उद्यापासून तुम्ही प्रॉडक्ट ओनर: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी कामाची सुरुवात

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मी हे बऱ्याचदा पाहिलंय. सपोर्टचे फोन घेणारी मुलगी, टेस्टिंग करणारा मुलगा किंवा ग्राहकाकडूनच कंपनीत आलेला एखादा अकाउंटंट, यांना मालक केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, पुढच्या महिन्यापासून तुम्ही प्रॉडक्ट ओनर. पगार थोडा वाढतो, मीटिंगा भरपूर वाढतात आणि रोज सकाळी येऊन नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

मीही सपोर्टमधूनच या कामात आले. आमचं प्रॉडक्ट म्हणजे मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) आडत दुकानांसाठी काटापट्टी (वजनांची नोंद) आणि हिशोबपट्टी (शेतकऱ्याला द्यायचा पैशांचा हिशोब) करणारं अ‍ॅप. त्यामुळे खालची उदाहरणं मोंढ्याचीच आहेत. तुमचं सॉफ्टवेअर दवाखान्याचं असो, जिनिंगचं असो की वाळूजच्या कारखान्यातल्या स्टोअरचं, पायऱ्या याच लागू पडतील.

थोडी पार्श्वभूमी, कारण इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा, म्हणजे थोडं थोडं बनवून ग्राहकाला दाखवत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. स्क्रम, म्हणजे छोट्या टीमने ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करायचं त्याच वळणाचं तंत्र, त्याहून जुनं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते १९९५ मध्ये एका परिषदेत मांडलं आणि २०१० मध्ये त्याचं अधिकृत गाइड काढलं. सध्या चालू आहे ती नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती. प्रॉडक्ट ओनर हे पद स्क्रममधलं. टीमच्या कामातून जास्तीत जास्त मूल्य निघावं ही जबाबदारी त्या एका माणसाची, असं गाइड सांगतं. रोजच्या कामात याचा अर्थ एवढाच, की पहिलं काय करायचं, मग काय आणि काय करायचंच नाही, हे तुम्ही ठरवायचं आणि त्याचं कारण सगळ्यांना कळेल असं सांगायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कामासाठी आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- स्क्रम गाइड. फुकट मिळतं, १५ पानांच्या आत आहे. यूट्यूबचे तासातासाचे व्हिडिओ बघण्याआधी हे दोनदा वाचा.
- बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, ठेवायची एकच जागा. जिरा, ट्रेलो, अझुअर डेव्हऑप्स, काहीही चालेल. पाच जणांची टीम असेल तर गुगल शीटवरही भागतं. मात्र एक यादी शीटमध्ये, दुसरी मालकाच्या डायरीत आणि तिसरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं चालणार नाही.
- ग्राहकाकडचे खरे कागद. आमच्याकडे काटापट्टी, हिशोबपट्टी, दिवसाच्या आवकेची वही. नावं आणि मोबाइल नंबर झाकूनच फोटो काढा.
- गेल्या हंगामातल्या सपोर्टच्या तक्रारी, तारखेसकट.
- तीन-चार वापरणाऱ्या माणसांचे नंबर, ज्यांना तुम्ही संकोच न करता फोन करू शकता. दुकानाचे शेठ यात धरू नका. अ‍ॅपवर ज्यांची बोटं चालतात ती माणसं हवीत.
- धंद्याचं कॅलेंडर. हे पाचव्या पायरीत लागेल.

१. शेवटचा शब्द कुणाचा, हे लिहून घ्या

गाइडमध्ये स्पष्ट म्हटलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते, आणि तिच्या निर्णयांना सगळ्या संस्थेने मान द्यायला हवा. आपल्याकडच्या छोट्या कंपनीत अडचण वेगळी असते. मालकाचा ग्राहकाशी घरोबा असतो. रात्री जेवताना फोन येतो, मालक हो म्हणतात आणि सकाळी थेट डेव्हलपरच्या टेबलाशी जाऊन उभे राहतात. तुमचा बॅकलॉग मग नावापुरता उरतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मालकांसोबत बसून तीन गोष्टी विचारा. कामाचा क्रम बदलायचा असेल तर शेवटचा शब्द कुणाचा? तातडीचं काम आलं तर ते माझ्यामार्फतच टीमकडे जाईल का? ग्राहकाच्या माणसांशी मला थेट बोलता येईल का? जे ठरेल ते त्याच दिवशी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा.

समजा मालक म्हणाले, शेवटचा शब्द माझाच. तरी हरकत नाही, पण मग खरे प्रॉडक्ट ओनर ते आहेत आणि तुम्ही त्यांच्या मदतीला आहात, हे टीमला माहीत असू द्या आणि रोजचा ठरलेला अर्धा तास त्यांच्याकडून मागून घ्या. अधिकार एकाकडे आणि जबाब दुसऱ्याकडे, अशी विभागणी झाली की टीमचे प्रश्न दिवसदिवस अडकून पडतात आणि दोष तुमच्या नावावर लागतो. या कामात येणारी निम्मी मुलं इथेच निरोप्या होऊन बसतात: वरून आलेलं खाली सांगायचं, खालून आलेलं वर. त्या कामाला वेगळा माणूस लागत नाही.

२. काम जिथे चालतं तिथे जाऊन बसा

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते तीही हीच. कारण ऑफिसात बसून शेठशी व्हिडिओ कॉल करणं सोपं असतं. शेठ गल्ल्यावर बसतात. काट्याजवळ काय होतं, ते त्यांना आठवणीतून सांगावं लागतं.

सोयाबीनच्या आवकेत एका आडत दुकानाच्या ओट्यावर मी दिवसभर बसले होते. आमच्या स्क्रीनवर पहिला रकाना शेतकऱ्याच्या नावाचा होता, दुसरा मोबाइल नंबरचा, मग वाण, आणि त्यानंतर वजन. कागदावर हा क्रम अगदी शहाणा दिसतो. ओट्यासमोर तीन ट्रॅक्टर लागलेले. हमाल कट्टा उचलून काट्यावर टाकतो, मापाडी आकडा ओरडतो, मुनीमजी उजव्या हातातल्या पेन्सिलीने तो वहीत टिपतात, पाच आकड्यांची एक ओळ झाली की खाली रेघ. एका कट्ट्याला मोजून काही सेकंद. ज्याचा माल आहे तो शेतकरी त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून कट्टे मोजत असतो. नाव विचारायला त्याच्याकडे जायचं तर काटा थांबवावा लागतो आणि काटा थांबला की हमाल कुरकुरतात. मी मुनीमजींना विचारलं, नाव आधी का नाही लिहीत? ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "ताई, नाव कुठं पळून चाललंय? आधी काटा तर होऊ द्या."

अ‍ॅप असूनही दुकानात वही का सुटत नव्हती, हे त्या ओट्यावर कळलं. नाव पट्टी करताना लागतं, काट्यावर लागत नाही. गाडी नंबर किंवा चिठ्ठीचा नंबर तेवढ्यापुरता पुरतो. सपोर्टला आलेल्या तक्रारींत यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे फक्त "अ‍ॅप स्लो आहे" असं लिहिलेलं होतं.

तिथे बसताना काय करायचं, तर कमी बोलायचं. "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न शेवटी विचारा किंवा विचारूच नका. त्याऐवजी विचारा: हे आत्ता काय केलं? गर्दी असली तर काय करता? हिशोब जुळला नाही तर कुठे बघता? घड्याळ बघून वेळ नोंदवा. भिंतीवर खडूने काय लिहिलंय, पाटीवर काय चिकटवलंय, कोण कोणाची वही उघडून बघतो, हे टिपा. जिथे माणूस सॉफ्टवेअर असूनही कागद वापरतो, तिथे तुमच्या बॅकलॉगमधली पहिली चांगली गोष्ट सापडते.

शक्य असेल तर दर तिमाहीला एका डेव्हलपरला सोबत न्या. पुण्यात किंवा बंगळुरूत बसून कोड लिहिणाऱ्या मुलाने एकदा ओट्यावरचा गोंगाट ऐकला, की बटण मोठं का हवं हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

३. प्रॉडक्ट गोल दोन ओळींत बसवा

२०२० च्या गाइडमध्ये प्रॉडक्ट गोल ही गोष्ट नव्याने आली. टीम सध्या कुठल्या दिशेने चालली आहे हे त्यात असतं आणि एका वेळी एकच गोल हातात घ्यायचा. आमचा एका हंगामाचा गोल असा होता: "माल उतरला त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात बरोबर पट्टी पडावी, आणि मुनीमाला त्यासाठी वेगळी वही लिहावी लागू नये."

"मराठवाड्यातलं एक नंबरचं कृषी अ‍ॅप बनवणे" असला गोल लिहू नका. त्यावरून कुठल्याच मागणीला हो किंवा नाही म्हणता येत नाही. गोल वाचून एखादी मागणी बाहेर काढता आली पाहिजे, ही त्याची कसोटी.

४. बॅकलॉगमधली गोष्ट अशी लिहा की तिच्यावर बोलता येईल

यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने थोडक्यात लिहिलेली गरज, ही पद्धत एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या एका अ‍ॅजाइल पद्धतीतून आली. रॉन जेफ्रीज यांनी तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खात्री. कार्डवर थोडकं लिहायचं, टीमशी बोलून ते भरायचं आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं ते ठरवायचं. नवखे लोक पहिल्याच भागावर सगळा जोर लावतात, दहा पानांचं लिहून मेल करतात आणि बोलणं टाळतात.

आमच्या जुन्या यादीत एक ओळ होती: "काटा स्क्रीन सुधारणे." यावर कुणी काय करणार? तीच गोष्ट ओट्यावरून आल्यावर अशी झाली:

काट्यावर बसलेल्या मुनीमाला शेतकऱ्याचं नाव न टाकता वजनं नोंदवता यावीत, म्हणजे गाड्यांची रांग थांबणार नाही.

आणि खाली, झालं हे कसं ओळखायचं:

- गाडी नंबर किंवा चिठ्ठी नंबर एवढ्यावर नोंद सुरू होते.
- कट्ट्यांची संख्या आपोआप मोजली जाते. चुकीचं वजन खोडता येतं, पण खोडलेला आकडा दिसत राहतो.
- बारदान्याचं (रिकाम्या पोत्याचं) वजन एकूणातून वजा होतं आणि किती वजा झालं ते वेगळ्या ओळीत दिसतं. उदाहरण: २० कट्टे, एकूण १,२१८ किलो, बारदाना कट्ट्यामागे ६०० ग्रॅम, म्हणजे १२ किलो वजा, निव्वळ १२.०६ क्विंटल.
- नेट गेलं तरी नोंद फोनमध्ये राहते. नेट आल्यावर ती एकदाच वर जाते, दुबार होत नाही.
- नाव भरल्याशिवाय हिशोबपट्टी छापली जात नाही.

त्यातल्या तिसऱ्या ओळीतलं आकड्याचं उदाहरण मुद्दाम दिलंय. वजन, पैसा, टक्केवारी यांतलं काहीही असेल तर एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्याच. "बारदाना वजा करावा" एवढंच लिहिलं तर एक डेव्हलपर दर कट्ट्यामागे पूर्णांक करून वजा करील, दुसरा एकूणातून करील, आणि पट्टीत काही किलोंचा फरक पडेल. पाव किलोवरूनही दुकानात आवाज चढतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कडताच (वजनातली मनमानी कपात) असतो, आणि त्याचा राग रास्त आहे.

मोठी गोष्ट फोडताना आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग रिपोर्ट असं फोडू नका. त्यातला एकही तुकडा मुनीमजींच्या कामाचा नसतो. आधी फक्त वजनं आणि एकूण, मग बारदाना, मग नेट गेल्यावरची सोय, असं फोडलं तर प्रत्येक तुकडा ओट्यावर नेऊन दाखवता येतो.

सगळा बॅकलॉग एवढ्या बारकाईने लिहायची गरज नाही. पुढच्या दोन स्प्रिंटपुरता लिहा. त्यापलीकडच्या गोष्टी एका ओळीत राहू द्या. सहा महिने कुणी हात न लावलेली नोंद बिनधास्त काढून टाका. खरी गरज असेल तर ती पुन्हा येते.

५. क्रम लावा, आणि तो हंगामाकडे बघून लावा

प्राधान्य देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडलेली मॉस्को पद्धत आहे: हवंच, हवं, असलं तर बरं, यावेळी नको. नोरिआकी कानो यांचं १९८४ चं मॉडेल आहे. त्यात गृहीत धरलेल्या गोष्टी, जितक्या चांगल्या तितका आनंद देणाऱ्या गोष्टी आणि अनपेक्षित सुखावणाऱ्या गोष्टी असे भाग पडतात. दोन्ही शिकून घ्या. पण मॉस्को वापरताना एक सापळा आहे: ग्राहकाला विचारलं तर तो सगळंच "हवंच" मध्ये टाकतो. मग तुमच्याकडे ४० पहिल्या नंबरच्या गोष्टी जमतात. स्क्रमला एक सरळ क्रम लागतो. एका गोष्टीच्या वर एकच गोष्ट असते. दोन पहिले नंबर नसतात.

मला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रश्न आहे: हे उशिरा झालं तर काय बुडतं, आणि कधीपासून बुडायला लागतं? शेतीशी बांधलेल्या आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरवर मिळतं. सोयाबीनची मोठी आवक सप्टेंबरअखेरीपासून दिवाळीच्या पुढेमागे असते. तूर जानेवारीत जोर धरते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. हिंगोली-वसमतकडे नवी हळद मार्चपासून येऊ लागते. यावरून आपोआप काही गोष्टी ठरतात. काट्याचा नवा स्क्रीन पोळ्याच्या आसपास दुकानांत पोचला पाहिजे, म्हणजे मुनीमांचा हात बसायला वेळ मिळतो. हळदीची कांडी आणि गड्डा वेगळी नोंदवायची सोय सप्टेंबरमध्ये वरच्या नंबरला ठेवण्यात काही अर्थ नाही, कितीही मोठ्या ग्राहकाने मागितली तरी. आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत दुकानाच्या रोजच्या स्क्रीनला हात लावायचा नाही. त्या दिवसांत फक्त दुरुस्त्या, आणि टीमने हिशोब, रिपोर्ट, मागच्या बाजूची कामं करायची.

तुमच्या धंद्याचं असंच कॅलेंडर असतं. शाळेच्या सॉफ्टवेअरला जून, साखर कारखान्याला गाळप, हिशोबाच्या सॉफ्टवेअरला मार्चअखेर. ते भिंतीवर लावा आणि बॅकलॉग त्याच्याशेजारी उघडा.

काम किती मोठं आहे याचा अंदाज मात्र तुम्ही द्यायचा नाही. तो डेव्हलपरांचा अधिकार आहे. जे काम करणार तेच माप ठरवणार. "एवढ्याशाला तीन दिवस?" असं एकदा म्हटलं की पुढच्या वेळी टीम तुम्हाला आवडेल तो आकडा सांगते आणि तुमचा सगळा क्रम खोट्या मापांवर उभा राहतो. माप जास्त वाटलं तर विचारा, यातला कुठला भाग जड आहे? बऱ्याचदा तो भाग गाळून चालतं.

६. नाही म्हणताना कारण आणि पर्याय द्या

आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं. साठीतल्या शेठनी फोन करून "बेटा, एवढं करून दे" म्हटलं की तोंडून "करून देऊ" निघतं. ते टाळा. फोनवर कबुली द्यायची नाही, हा नियम मी पाळते. म्हणते, "शेठ, लिहून घेतलंय. शुक्रवारी संध्याकाळी मी तुम्हाला स्वतः फोन करून सांगते, कधी होईल किंवा का होणार नाही." आणि शुक्रवारी फोन करतेच. उत्तर नकाराचं असलं तरी फोन जातो, हे कळलं की माणसं चिडत नाहीत. ताटकळत ठेवल्याचा राग नकारापेक्षा जास्त असतो.

नकार देताना क्रम उघडा करून दाखवा: "हे घेतलं तर नेट नसतानाची नोंद दिवाळीच्या पुढे जाते. तुमच्या दुकानाला कशाची नड जास्त?" पुष्कळदा शेठ स्वतःच म्हणतात, राहू दे मग.

एकाच ग्राहकासाठी केलेल्या गोष्टींपासून सावध राहा. प्रत्येक दुकानाची पट्टी छापायची तऱ्हा वेगळी, आणि दहा दुकानांसाठी दहा तऱ्हा कोडमध्ये घातल्या की अकरावी बदलताना आधीच्या दहा मोडतात. मागणी आली की विचारा, ही आणखी किती दुकानांना लागेल?

७. टीमसोबतचं रोजचं काम

स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याची असते. बऱ्याच टीम दोन आठवड्यांची ठेवतात, आमचीही तेवढीच. प्लॅनिंगला जाताना वरच्या गोष्टी तयार पाहिजेत आणि ही स्प्रिंट महत्त्वाची का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. त्यातून सगळे मिळून स्प्रिंट गोल, म्हणजे त्या स्प्रिंटचं एक उद्दिष्ट, लिहितात. किती काम उचलायचं ते डेव्हलपर ठरवतात.

डेली स्क्रम ही रोजची बैठक १५ मिनिटांची आणि डेव्हलपरांची. ऐकायला बसा, पण हजेरी घेऊ नका. रिफाइनमेंटसाठी, म्हणजे बॅकलॉगमधल्या पुढच्या गोष्टी फोडून नीट समजून घ्यायला, आठवड्यातून एक-दोन बैठका ठेवा. गाइडच्या जुन्या आवृत्तीत यासाठी टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत वेळ सांगितला होता. नव्यात तो आकडा काढलाय, अंदाजाला मात्र चांगला आहे. बाकी दिवसभर टीमच्या प्रश्नाला दोन तासांच्या आत उत्तर द्या. बाहेरगावी असाल तर सकाळीच सांगा, किती वाजता फोन लागेल.

स्प्रिंट चालू असताना बाहेरचं जग थांबत नाही. आमच्या ग्राहकांत हमीभाव खरेदी केंद्र चालवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्याही आहेत. हमीभावासाठी सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या खरिपात, ऐन नोव्हेंबरमध्ये, केंद्राने ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के केली. असा निर्णय आला की बदल त्याच दिवशी हवा असतो. अशा वेळी डेव्हलपरांसोबत बसा, स्प्रिंट गोलला धक्का न लावता काय बाहेर काढता येईल ते ठरवा आणि तेवढंच बदला. आत एक घातलं तर बाहेर एक काढायचंच. गोलच निरर्थक झाला असेल तर स्प्रिंट रद्द करायचा अधिकार फक्त तुमचा आहे, पण अशी वेळ क्वचित येते. आणि त्याच आठवड्यात बॅकलॉगमध्ये नोंद करा: ओलाव्याची मर्यादा सेटिंगमधून बदलता यावी. सरकारी नियमाचा आकडा कोडमध्ये पक्का ठोकायचा नसतो.

"झालं" म्हणजे काय, ते टीमने एकदा लिहून भिंतीवर लावावं. टेस्टिंग झालं, मराठी अक्षरं पट्टीवर नीट छापली, जुन्या फोनवर चाललं, वगैरे. त्यात न बसणारं काम ९० टक्के झालेलं असलं तरी ते बॅकलॉगमध्ये परत जातं. इथे मन घट्ट ठेवा.

८. रिव्ह्यूला खरी माणसं बोलवा

स्प्रिंट रिव्ह्यू म्हणजे तुम्ही टीमचं काम पास-नापास करायची जागा, असा समज सगळीकडे दिसतो. काम तयार होईल तसं तुम्ही स्प्रिंटमध्येच बघत राहायचं. तयार झालेलं रिव्ह्यूआधी ग्राहकाला दिलं तरी चालतं. रिव्ह्यू असतो वापरणाऱ्यांसाठी: काय झालं ते बघून पुढे काय करावं, हे त्यांच्यासोबत ठरवायला.

मुनीमजी दुपारी सौदे उरकल्यावर तासभर मोकळे असतात, म्हणून आमचा रिव्ह्यू दुपारीच. लॅपटॉपवर सादरीकरण करत नाही. फोन त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, २० कट्टे नोंदवून दाखवा. बोट कुठे अडतं ते सगळी टीम बघते. कौतुकाच्या शब्दांपेक्षा ते अडलेलं बोट लिहून घ्या.

रेट्रोस्पेक्टिव्हला, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी टीमची काम करायची पद्धत तपासायच्या बैठकीला, तुम्हीही बसायचं असतं. "स्टोरी अर्धवट होत्या" हे ऐकायची तयारी ठेवा आणि पुढच्या स्प्रिंटला ते दुरुस्त झालेलं दिसू द्या.

९. काय बदललं ते मोजा

महिन्याला किती स्टोरी संपवल्या, किती पॉइंट (कामाच्या मापाचे आकडे) झाले, हे आकडे मालकांना आवडतात. त्यांवरून प्रॉडक्ट चांगलं चाललंय की नाही, ते कळत नाही. आम्ही दोनच गोष्टी सतत बघतो: माल उतरला त्याच दिवशी किती टक्के पट्ट्या निघाल्या, आणि किती दुकानांत अजून काट्यावर वही उघडी असते. दुसरा आकडा कुठल्याच सॉफ्टवेअरमधून मिळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा मोंढ्यात चक्कर मारावी लागते. एखादी सोय देऊन दोन महिने झाले आणि कुणी वापरत नसेल, तर ती का वापरत नाहीत हे विचारा आणि काढून टाकायचा विचार करा.

प्रमाणपत्राबद्दल

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. दोन नावं प्रामुख्याने ऐकाल. स्क्रम डॉट ऑर्गची पीएसपीओ १ (प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर) ही ऑनलाइन परीक्षा: ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के. क्लास लावणं बंधनकारक नाही, इंग्रजीत वेगाने वाचायची सवय हवी. दुसरं स्क्रम अलायन्सचं सीएसपीओ (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर): त्यासाठी त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा कोर्स करावा लागतो, परीक्षा नसते, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. दोन्हींचा खर्च फ्रेशरच्या पगाराला जड जातो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अर्ज गाळताना त्याचा उपयोग होतो. तुम्ही आत्ता आहात तिथेच काम करायचं असेल तर आधी दोन-तीन स्प्रिंट वरच्या पायऱ्यांनी चालवा, गाइड पुन्हा वाचा, स्क्रम डॉट ऑर्गवरची प्रॉडक्ट ओनरसाठीची मोफत सराव परीक्षा सारखे पूर्ण गुण मिळेपर्यंत सोडवा आणि मगच पैसे भरा. कंपनी शुल्क देते का, हेही आधी विचारा. काही मालक देतात, फक्त कुणी मागितलेलं नसतं.